कंपायलरला जामीन राहू नका!

मंडळी, आधीच सांगून टाकतो. शीर्षकातला जामीन हा पतसंस्थेतलाच जामीन आहे, पण लेख प्रोग्रॅमिंगवर आहे. विषय आहे टाइप कास्टिंग. 'कास्ट' हा शब्द वाचून कोणी जातीवर वाद घालायला बाह्या सरसावून आला असेल, तर त्याने बाह्या खाली कराव्यात. आजचं भांडण कंसाशी आहे. मथुरेतल्या नव्हे, जावा कोडमधल्या. ज्यात एखाद्या क्लासचं नाव लिहून आपण तो व्हेरिएबलच्या आधी चिकटवतो आणि निवांत पुढच्या ओळीवर जातो, तो कंस.

निमित्त झालं गेल्या महिन्यातल्या मुलाखतींचं. आमच्याकडे नव्या मुलांची भरती चालू होती आणि दोन दिवसांत माझ्या वाट्याला चौदा मुलंमुली आली. मी प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारत होतो, "टाइप कास्टिंग म्हणजे काय?" चौदाच्या चौदा जणांनी एकच उत्तर दिलं. "सर, एका डेटा टाइपचं दुसऱ्या डेटा टाइपमध्ये रूपांतर करणे. त्याचे दोन प्रकार, इम्प्लिसिट आणि एक्स्प्लिसिट." अगदी बे एके बे च्या चालीत. मग मी पुढे विचारायचो, "बरं, ऑब्जेक्ट टाइपच्या व्हेरिएबलमध्ये एक इंटिजर ठेवलाय, समजा ५. त्याच्यापुढे कंसात स्ट्रिंग लिहिलं. तर त्या आकड्याची स्ट्रिंग होईल का?" नऊ जण म्हणाले, होईल. चार जण गप्प बसले. एकीने सांगितलं, "नाही सर, प्रोग्रॅम पडेल." हे कुठे शिकलीस विचारलं तर म्हणाली, "इंटर्नशिपमध्ये. माझाच पडला होता." :-)

यात मुलांचा काही दोष नाही. गाइडमध्ये तेच छापलेलं असतं, वर्गात तेच सांगतात, परीक्षेत त्यालाच दोन मार्क मिळतात, आणि माझ्यासारखे मुलाखत घेणारे वर्षानुवर्षं ते ऐकून मान डोलावतात. मीही डोलावली आहे. आज ती पापं फेडायला बसलोय. माझं म्हणणं एवढंच आहे की ऑब्जेक्टचा कास्ट हे रूपांतर नाहीच. तो जामीन आहे. आणि आपल्या रोजच्या कोडमध्ये बहुतेक वेळा तो राहायची काहीएक गरज नसते.

थोडं सविस्तर सांगतो. जावाने हा कंस सी भाषेकडून उचलला, आणि त्याच्यामागे दोन वेगळी कामं दडवून ठेवली.

पहिलं काम आकड्यांचं. लाँगचा इंट करणं, डबलचा इंट करणं. इथे खरोखरच रूपांतर होतं. मोठ्या पातेल्यातलं दूध लहान तांब्यात ओतल्यासारखं. मावलं तर ठीक, नाहीतर सांडणार. आणि जावा सांडल्याचा आवाजसुद्धा करत नाही. ९९.९९ चा इंट केला की ९९ उरतात. ३०० कोटी हा आकडा लाँगमध्ये सुखाने राहतो, पण त्याचा इंट केला तर हातात येतात उणे १,२९,४९,६७,२९६. इंटची धाव जेमतेम २,१४,७४,८३,६४७ पर्यंत. जावा वरचे बत्तीस बिट कापून टाकते आणि खाली जे उरेल ते तुमच्या हातावर ठेवते. ना एक्सेप्शन, ना सूचना. रक्कम पैशांत साठवणाऱ्यांनी हिशोब करून बघा, इंटमध्ये सव्वादोन कोटी रुपयेसुद्धा बसत नाहीत.

दुसरं काम ऑब्जेक्टचं. इथे काहीही ओतलं जात नाही, कापलं जात नाही, बदलत नाही. मेमरीत जे होतं ते तसंच राहतं. फक्त आपण त्याच्याकडे कुठल्या नावाने बघतोय ते बदलतं. निळू फुल्यांना आपल्या सिनेमाने वर्षानुवर्षं बेरकी पाटील आणि सरपंच म्हणून टाइपकास्ट केलं. 'सामना'मधला हिंदुराव पाटील बघून गावोगावच्या बायकांनी बोटं मोडली असतील. पण माणूस आतून राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता होता तो होताच, कास्टिंगमुळे त्यात काही फरक पडला नाही. जावातल्या ऑब्जेक्टचंही अगदी तसंच आहे.

पटत नसेल तर स्वतः बघा. जेडीकेबरोबर जावापी नावाचं एक हत्यार फुकट येतं. त्याने आपल्या कंपाइल झालेल्या क्लासच्या पोटात डोकावता येतं. लाँगचा इंट केला असेल तिथे एल-टू-आय अशी सूचना दिसेल. आणि ऑब्जेक्टचा कास्ट असेल तिथे? चेककास्ट! नावातच चेक आहे. जावाचं यंत्र त्या ठिकाणी रूपांतर करत नाही, तपासणी करतं. तुम्ही म्हणताय तोच हा इसम आहे का, एवढंच बघतं. असेल तर पुढे जा, नसेल तर क्लासकास्टएक्सेप्शन. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनी त्याला तपासणी म्हटलं, आणि आपल्या गाइडवाल्यांनी रूपांतर. आता बोला!

आता जामिनाकडे येतो. पतसंस्थेत कर्ज काढायचं तर जामीनदार लागतात हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. निम्म्या घरांत एखाद्या काकांनी मित्रासाठी केलेल्या सहीची गोष्ट असतेच. मॅनेजर कर्जदाराला ओळखत नाही, तो जामीनदाराच्या तोंडाकडे बघून कर्ज मंजूर करतो. कंपायलर हा असाच एक मॅनेजर आहे. तो म्हणतो, "या व्हेरिएबलवर ऑब्जेक्ट एवढंच लिहिलंय, आत नक्की कोण आहे ते मला माहीत नाही." आपण म्हणतो, "अहो, मी सांगतो ना, आत कोण आहे ते मला माहिताय. मी जामीन." अगदीच अशक्य काही असेल, म्हणजे स्ट्रिंग लिहिलेल्या व्हेरिएबलला इंटिजर म्हणणं वगैरे, तर तो सही घेतच नाही, तिथल्या तिथे एरर देतो. पण जे शक्य कोटीतलं आहे तिथे तो मुकाट्याने आपल्या शब्दावर चालतो.

फरक फक्त वसुलीत आहे. पतसंस्था निदान जामीनदाराच्या दारात येते. सॉफ्टवेअरमध्ये कर्ज बुडतं तोवर जामीनदार तीन कंपन्या बदलून बंगलोरला गेलेला असतो, आणि वसुली होते त्या रात्री सपोर्टला बसलेल्या पोराकडून.

हे मी हवेत बोलत नाहीये. २००६ साली आम्ही पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यासाठी ऊसबिलाचं सॉफ्टवेअर लिहिलं. (कारखान्याचं नाव विचारू नका, सांगणार नाही. चूक त्यांची नव्हतीच.) त्यात खातेदार नावाचा एक मूळ क्लास होता आणि त्याला दोन पोरं, सभासद आणि बिगरसभासद. पंधरवडा संपला की रात्री एक बॅच चालायची. काट्यावरच्या पावत्यांवरून प्रत्येक खातेदाराचं टनेज काढायचं, त्यातून कपाती करायच्या, बिल तयार. सभासदाला शेअर्सच्या, ठेवींच्या कपाती. बिगरसभासदाच्या कपाती वेगळ्या.

तो कोड मी लिहिला होता. यादीतला खातेदार घ्यायचा. तो सभासद आहे का, ते इन्स्टन्सऑफने बघायचं. असेल तर सभासद म्हणून कास्ट करून त्याच्या कपाती काढायच्या. नसेल तर... नसेल तर बिगरसभासदच असणार की! तिसरं आहेच कोण? एल्स, कंस, बिगरसभासद, कंस पूर्ण. झाला जामीन.

पहिल्या हंगामात एकदोनदा एखाद्या खराब नोंदीमुळे बॅच मध्यरात्री बंद पडली. सकाळी शेतकी खात्याचे लोक येऊन बघतात तर बिलं तयार नाहीत. वैतागले, साहजिकच होतं. मग आमच्यातल्याच कोणीतरी लूपच्या आत, प्रत्येक खातेदाराभोवती, एक ट्राय-कॅच गुंडाळला. कुठलंही एक्सेप्शन आलं तर लॉगमध्ये एक ओळ लिहायची आणि पुढच्या खातेदाराकडे वळायचं. बॅच थांबायची बंद झाली. सगळे खूश.

पुढच्या हंगामाआधी मी दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलो. इकडे कारखान्याने गेटकेन, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरून येणारा ऊस, वेगळ्या हिशोबाने घ्यायचं ठरवलं. ते काम टीममधल्या एका ज्युनिअर पोराकडे आलं. पोरगं हुशार आणि सरळ. त्याने पुस्तकात सांगतात तस्संच केलं. खातेदारचा तिसरा वारस बनवला, गेटकेनधारक. त्याचा सगळा हिशोब त्याच्या क्लासमध्ये. तो हिशोब नीट तपासून बघितला, बरोबर आला. आधीच्या चालत्या कोडला हात लावला नाही. कंपाइल केलं, एकही एरर नाही, एकही वॉर्निंग नाही.

पहिल्या पंधरवड्याची बॅच चालली. गेटकेनचा प्रत्येक शेतकरी माझ्या एल्समध्ये पोचला. तिथे त्याला बिगरसभासद म्हणून हाक मारली गेली, तो निघाला गेटकेनधारक, क्लासकास्टएक्सेप्शन आलं, कॅचने ते गिळलं, आणि शेवटी बॅच यशस्वी झाल्याचा संदेश पडला. बिलांच्या यादीत ते शेतकरी नव्हतेच. शून्य रुपयांचं बिल निघालं असतं तरी ते कोणाच्यातरी नजरेला आलं असतं. इथे ओळच नव्हती. आणि नसलेली ओळ तपासणार कोण?

कळलं ते पैसे जमा व्हायच्या दिवशी. कॅरीबॅगमध्ये काट्याच्या पावत्या घेऊन एक म्हातारा शेतकरी ऑफिसात आला. त्याच आठवड्यात त्याला सोसायटीचं कर्ज भरायचं होतं. त्याने कारकुनाला विचारलेला प्रश्न नंतर आमच्याकडे सगळ्यांना पाठ झाला, "ऊस काट्याला दिसला न्हवं, मग कंप्युटरला कसा दिसंना ओ?" त्याच्या मागोमाग बाकीचे आले. चूक सापडायला एक दिवस लागला, बिलं परत काढून पैसे जमा व्हायला आठवडा गेला. तेवढ्यात त्या म्हाताऱ्याची कर्जाची तारीख उलटून गेली होती.

मग आमच्याकडे बैठक. बैठकीतला पहिला प्रश्न आपल्या धंद्यात नेहमी एकच असतो, "शेवटचा बदल कोणी केला?" शेवटचा बदल त्या पोराने केला होता. मला फोनवर घेतलं होतं. मी अगदीच गप्प बसलो असं नाही, "तो एल्स माझा आहे" एवढं बोललो. पण जेवढ्या मोठ्याने बोलायला हवं होतं तेवढ्या मोठ्याने बोललो नाही. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये त्याच्या नावापुढे 'टेस्टिंगकडे दुर्लक्ष' असा शेरा पडला. माझ्या नावापुढे काही नाही.

त्याचं काय चुकलं होतं, सांगा? इनहेरिटन्स कशासाठी असतो म्हणून आपण मुलांना शिकवतो? नवीन प्रकार आला तर नवीन क्लास वाढवता यावा, जुन्याला धक्का लागू नये. त्याने तेच केलं. आणि माझ्या एका कंसाने ते वचन मोडून ठेवलं होतं.

तेव्हापासून मी या कंसाचा दुस्वास करतो. तो वाईट दिसतो म्हणून नाही. लिहिला त्या दिवशी तो शंभर टक्के खरा होता, हे त्यातलं खरं दुखणं आहे. २००६ च्या हंगामात खातेदार दोनच प्रकारचे होते. कोणीही रिव्ह्यू केला असता तरी पास केला असता. पण जग पुढे सरकलं आणि माझा जामीन तिथेच पडून राहिला. कर्जाच्या जामिनाला निदान मुदत असते, कास्टला ती नसते. तो कधी खोटा होईल ते कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं. ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं, आणि तो डोक्यासकट दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो.

तुम्ही म्हणाल, एका साखर कारखान्याच्या बिलावरून एवढा त्रागा? मग मोठं उदाहरण घ्या. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कुरू. युरोपचं नवंकोरं एरियन-५ रॉकेट पहिल्यांदा झेपावलं आणि साधारण ३७ सेकंदांनी वाट सोडून फुटलं. क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह त्यात गेले. तिथली भाषा एडा होती आणि मामला ऑब्जेक्टचा नव्हता, आकड्याचा होता. म्हणजे वर सांगितलेलं पातेलं-तांब्या प्रकरण. रॉकेटच्या आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांचा अपूर्णांकी आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायचा होता. त्या तांब्यात ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. आकडा मोठा निघाला, एडाने इमानदारीत एक्सेप्शन दिलं, ते हाताळायची सोय नव्हती, आणि दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेत तोच कोड होता. ती तर काही मिलिसेकंद आधीच त्याच कारणाने बंद पडली होती!

झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने त्याच वर्षी जुलैत अहवाल दिला. तो प्रत्येक प्रोग्रॅमरने एकदा वाचावा. अशा सात आकड्यांपैकी चारांना संरक्षण दिलेलं होतं, तीन तसेच सोडले होते. आळस म्हणून नव्हे, विचार करून. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, आणि हे तीन आकडे मर्यादेबाहेर जाणं शक्य नाही असं गणित मांडलं होतं. ते गणित एरियन-४ साठी बरोबर होतं. एरियन-५ चा मार्ग वेगळा, सुरुवातीचा आडवा वेग कितीतरी जास्त. कोड तोच राहिला, रॉकेट बदललं. त्यातही कहर म्हणजे कोडचा तो भाग उड्डाणानंतर एरियन-५ ला लागतच नव्हता, जुन्या रॉकेटची सवय म्हणून चालू ठेवला होता.

माझा एल्स आणि त्यांचे १६ बिट, दुखणं एकच. लिहिताना खरं असलेलं गृहीतक, आणि ते खोटं झाल्यावर सांगायला कोणी नाही.

बरं, आपल्या जावावाल्यांना ही सवय लागली कुठून? त्याला इतिहास आहे. १९९६ मध्ये जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून २००४ पर्यंत आपल्याला पर्यायच नव्हता. व्हेक्टर असो की नंतर आलेली अ‍ॅरेलिस्ट, आत काहीही टाका, बाहेर येताना ते नुसतं ऑब्जेक्ट. म्हणजे धान्याचे डबे भरायचे आणि प्रत्येकावर 'वस्तू' अशी चिठ्ठी लावायची. काढताना तुम्हीच सांगा साखर आहे की मीठ. १९९८ मध्ये ओडर्स्की, वॉडलर आणि मंडळींनी जीजे नावाने यावरचा उतारा मांडला, आणि २००४ च्या सप्टेंबरात जावा ५ बरोबर जेनेरिक्स आले. डब्यावर साखर लिहायची सोय झाली. म्हणजे निम्मे जामीन त्या दिवशी फिटायला हवे होते. (माझं ऊसबिल २००६ मध्येही जावा १.४ वर होतं, ते सोडा. ग्राहकाचा सर्व्हर, ग्राहकाची मर्जी.) आज इतक्या वर्षांनीही मला नव्या कोडमध्ये चिठ्ठी नसलेल्या लिस्ट सापडतात. बिनचिठ्ठीच्या लिस्टवर कंपायलर कुरकुर करतो, तर त्याच्या डोक्यावर सप्रेसवॉर्निंग्जचं उशीचं अभ्रं ओढून मोकळे! मॅनेजर "अहो, जरा कागद बघा" म्हणतोय आणि आपण त्याचंच तोंड दाबतोय.

हे बोलायला लागलं की ऑफिसात ठरलेले आक्षेप येतात. एकेक घेतो.

"मी आधी इन्स्टन्सऑफने बघतो, मगच कास्ट करतो. मग काय बिघडलं?" त्या एका ओळीपुरतं काही बिघडत नाही. मीही बघितलं होतं की, सभासदासाठी! बिघडतं ते 'नाहीतर' मध्ये. शिवाय असा प्रश्न कोडमध्ये एका जागी कधीच नसतो. बिलात विचारलेला असतो, रिपोर्टमध्ये असतो, एसएमएस पाठवताना असतो. चौथा प्रकार आला की या सगळ्या जागा कोणी शोधायच्या? जावा १६ पासून, म्हणजे २०२१ पासून, तपासणी आणि नाव देणं एकाच दमात करता येतं, कंस लिहावाच लागत नाही. चांगलं आहे, मीही वापरतो. पण त्याने बोटांचे कष्ट वाचतात, एल्स वाचत नाही.

"इक्वल्स लिहिताना कास्ट लागतोच. बाहेरून आलेला डेटा, जुनी लायब्ररी, तिथेही लागतो." कबूल. शंभर टक्के कबूल. परका माणूस दारात आला की कोण कुठला विचारावंच लागतं. पण ते उंबरठ्यावर. एकदा ओळख पटवून आत घेतलं की मग स्वयंपाकघरात, माजघरात, परसात, प्रत्येक ठिकाणी आधार कार्ड मागत नाही ना आपण? कास्ट उंबरठ्यावर ठेवा, एकाच जागी, आणि तिथे खोटा ठरला तर ओरडून सांगेल असा ठेवा. आत सगळीकडे नेमका टाइप फिरू द्या. आणि हो, जेनेरिक्सच्या पोटातही कंपायलर स्वतः चेककास्ट घालतो, हे सांगून मला कोंडीत पकडू नका. तिथे जामीन कंपायलर राहतो, आणि तो कागद तपासून राहतो.

"पायथॉन घ्या, तिथे ही भानगडच नाही." भानगड नाही कारण तिथे मॅनेजरच नाही. टाइपचे हिंट लिहून वेगळं तपासनीस हत्यार चालवलं तर गोष्ट निराळी, नाहीतर जी तपासणी व्हायची ती प्रोग्रॅम चालतानाच. त्याचे फायदे आहेत, नाही म्हणत नाही. पण ज्यांनी मॅनेजर ठेवलाय, त्याचा पगार मोठमोठ्या क्लासच्या रूपाने भरलाय, त्यांनीच त्याला गप्प बसवावं हे मला समजत नाही. टाइपस्क्रिप्टवाले तर याच्या एक पाऊल पुढे आहेत. तिथलं 'अ‍ॅज' चालताना काहीच तपासत नाही. जावात निदान क्लासकास्टएक्सेप्शन तरी येतं. तिथे चुकीचा माणूस हसतहसत आत येतो आणि तीन खोल्या ओलांडल्यावर काहीतरी फोडतो.

"डेडलाइन असते हो, एवढा विचार कोण करणार?" माझ्या कंसाने वाचवलेला वेळ, फार तर अर्धा तास. त्याने खाल्लेला वेळ, एक आठवडा, एका पोराचं अप्रेझल आणि काही लोकांची दुसऱ्याच्या दारात गेलेली पत. आणि आता तर कोड लिहून देणारी यंत्रं आली आहेत. ती शिकली आपल्याच जुन्या कोडवरून, त्यामुळे कंस त्यांच्याही अंगवळणी पडलेत. त्यांनी टाकलेल्या जामिनावर सही मात्र आपली असते, एवढं लक्षात ठेवा.

आता करायचं काय? नुसती टीका करून पळणाऱ्यांतला मी नाही.

एक. जो प्रश्न तुम्ही ऑब्जेक्टबद्दल विचारताय, तो ऑब्जेक्टलाच विचारा. "तू सभासद आहेस का? मग मी तुझ्या कपाती काढतो" याऐवजी खातेदारालाच "तुझ्या कपाती किती?" विचारा. खातेदार क्लासमध्ये ती मेथड अ‍ॅबस्ट्रॅक्ट ठेवली असती तर त्या पोराला ती लिहिल्याशिवाय कंपायलरने पुढे जाऊच दिलं नसतं. माझा अख्खा लूप दोन ओळींचा झाला असता. हे २००६ मध्येही शक्य होतं. मला सुचलं नाही, एवढंच.

दोन. हिशोब त्या क्लासमध्ये ठेवणं योग्य नसेल, तर सील्ड क्लास वापरा. जावा १७ पासून, २०२१ साली ते पक्के झाले. खातेदाराचे वारस हे इतकेच, असं कागदावर लिहून देता येतं. आणि २०२३ च्या जावा २१ पासून स्विचमध्ये प्रत्येक वारसाची वेगळी शाखा लिहिता येते. एखादा राहिला तर कंपाइलच होत नाही. फक्त एक करा, तिथे डिफॉल्ट लिहू नका. डिफॉल्ट म्हणजे माझा एल्सच, नवीन कपडे घालून आलेला.

तीन. आकड्यांसाठी कंस टाकू नका. जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, मॅथ या क्लासमध्ये टू-इंट-एक्झॅक्ट नावाची मेथड आहे. मावलं तर ओतते, नाही मावलं तर बोंब मारते. बोंब परवडते.

चार. क्लासकास्टएक्सेप्शन पकडून गिळू नका. ते एक्सेप्शन हा तुमचा एकमेव प्रामाणिक साक्षीदार आहे. एका खातेदारासाठी बॅच थांबवायची नसेल तर थांबवू नका, पण शेवटी किती आले, किती झाले, किती राहिले हे तीन आकडे छापा आणि ते जुळले नाहीत तर यशस्वी म्हणू नका. काट्यावरचं टनेज आणि बिलातलं टनेज, एवढी एक बेरीज जरी लावली असती तरी आमची चूक त्याच रात्री सापडली असती.

आणि पाच. कास्ट लिहायलाच लागला, तर शेजारी एक ओळ लिहा, 'हे कधी खोटं ठरेल?' उत्तर सुचत नसेल तर कास्ट नको. स्ट्राऊस्ट्रुपने सी++ मध्ये कास्टना डायनॅमिक-कास्ट, रीइंटरप्रिट-कास्ट अशी लांबलचक, बेढब नावं ठेवली, ती जाणूनबुजून. घातक काम करताना हात अडखळावा, आणि नंतर शोधताना चटकन सापडावं. आपला कंस इतका गोंडस आणि लहान आहे की तो कोणाला खुपतच नाही. नुसता शोध मारूनही नीट सापडत नाही, कारण कंस कोडमध्ये सगळीकडेच असतात.

असो. ते पोरगं आता पोरगं राहिलेलं नाही, स्वतःची टीम सांभाळतं. दिवाळीला फोन येतो. दोन वर्षांपूर्वी मी त्याची एकदाची माफी मागितली. तर म्हणतो कसा, "अहो सर, तुमचा एल्स मीच वाचायला हवा होता."

नाही रे बाबा. चार हजार ओळींमधला एक एल्स वाचणं हे तुझं काम नव्हतं. ते कंपायलरचं काम होतं, आणि त्याने ते चोख केलं असतं. त्याला गप्प मी बसवलं होतं.

सोमवारी ऑफिसात गेलात की आपल्या कोडमधले कास्ट एकदा मोजा. त्यातले उंबरठ्यावरचे किती आणि माजघरातले किती, तेही बघा. माझ्या सध्याच्या प्रोजेक्टमध्ये मी काल रात्री मोजले. आकडा सांगत नाही, लाज वाटते. त्यातले तीन एल्समध्ये आहेत. आज जेवण झाल्यावर त्यांच्यापासून सुरुवात करतोय.